धार लावायला गेलेली कात्री

मित्रांनो, एखादं माणूस फार बोलायला लागलं की तुम्ही म्हणता, त्याची जीभ कात्रीसारखी चालते. अहो, मी स्वतः एक जुनी कात्री आहे आणि उभ्या आयुष्यात चकार शब्द काढलेला नाही. आज काढते आहे, कारण एक गोष्ट मनाला फार डाचते आहे.

एका लोहाराने मला घडवलं. माझं एक पातं किंचित लांब राहिलं, म्हणून शिंप्याने मला नाकारलं आणि मी दोन जावांच्या घरी आले. त्या जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून हातमागावर सतरंज्या विणायच्या. थोरली कापायची, धाकटी विणायची. दोघींचेही नवरे गेले, तरी माग थांबला नाही. जावा-जावांचं पटत नाही म्हणे! या भांडायच्या, पण फक्त रंगांवरून.

"निळ्याशेजारी हिरवा? डोळे शाबूत आहेत ना तुझे?" थोरली म्हणायची.

"तुम्ही कापा हो, जाऊबाई. विणायचं माझ्यावर सोडा!"

थोरलीचं कापणं बघत राहावं असं. चादर घ्यायची आणि बोटभर रुंदीने एका कडेपासून कापत जायचं. दुसरी कड मात्र तोडायची नाही. तिथे थोडं कापड राखून उलट फिरायचं. अख्ख्या चादरीची एकच लांबच लांब पट्टी व्हायची. "मध्ये गाठ आली की पायाला टोचते," ती म्हणायची. गिऱ्हाइकं सतरंजीवरून हात फिरवायची आणि स्तुती व्हायची धाकटीची. माझं नाव कोण घेतो! पण थोरली रोज मला तेलाचं बोट लावायची, तेवढं मला पुरे होतं.

मग थोरली विसरायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग नवरा गेल्याचं. एक दिवस तिने खिडकीचा पडदा काढून कापला. "बरं झालं, मलाही तो आवडत नव्हताच," म्हणत धाकटी हसली. पुढे तिने धाकटीची नवी शाल कापली. तेव्हा मात्र धाकटी हसली नाही.

आणि मग ती दुपार आली. धाकटी सूत आणायला गेली होती. महिनाभर खपून विणलेली मोठी सतरंजी मागावरून उतरवून ठेवली होती, शाळेतल्या बालवर्गाला बसायला. थोरलीने ती मांडीवर ओढली आणि मला चालवलं. ताण्याचे उभे दोरे माझ्या पात्यांखाली कटाकटा तुटत होते. मला कळत होतं, मित्रांनो. पण धरणाऱ्या हाताला 'थांब' म्हणणं कात्रीला कुठे जमतं? बोटभर रुंदी, कड राखून, उलट फिरून. इतकं सुबक तिने कित्येक महिन्यांत कापलं नव्हतं.

धाकटी दारात आली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "जाऊबाई! अहो, काय केलंत हे?"

"अगं, एवढं कापून ठेवलं बघ. एक गाठ नाही. बस आता विणायला."

धाकटी जमिनीवर बसून हमसाहमशी रडली. मग तिने मला कपाटाच्या खणात टाकलं आणि कुलूप लावलं.

रोज सकाळी थोरली विचारायची, "अगं धाकटे, माझी कात्री कुठंय?"

"धार लावायला दिलीय, जाऊबाई. येईल उद्या."

आतल्या अंधारात मी ते ऐकायचे. आधी राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी! मग वाटलं, इथे चोर तरी कोण आहे? थोरली नुसती बसून असते, तिची बोटं हवेतच उघडमीट करतात, असं धाकटी शेजारणीला सांगत होती. काही आठवड्यांनी थोरलीने विचारणं सोडलं. धाकटीला वाटलं, सुटले बाई. पण मग थोरलीला घासही भरवावा लागू लागला.

एका सकाळी खण उघडला. धाकटीने माझ्यावरचा गंज घासून काढला. उशीची एक फाटकी खोळ आणि मी, दोघी थोरलीच्या मांडीवर आलो.

"जाऊबाई, धार लावून आली बघा. कापा ना थोडं. मला पट्ट्या हव्यात."

थोरलीने मला उलटसुलट करून पाहिलं. मग परक्या बाईला विचारावं तसं, अगदी अदबीने तिने विचारलं, "हे काय असतं हो, बाई?"

धाकटीने तिची बोटं माझ्या कड्यांत घातली आणि वरून स्वतःच्या हाताने दाबली. मी उघडले, मिटले. थोरलीची बोटं लुळीच राहिली.

"चुकलंच माझं," धाकटी म्हणाली. "ऐकताय ना, जाऊबाई?"

मित्रांनो, माझा गंज घासून निघाला, थोरलीच्या हातांचा निघाला नाही. धाकटीला मी दोष देत नाही. तिचा महिनाभराचा घाम मीच कापला होता. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस नको ते उसवत, नको ते कापत बसलं, तर त्याच्या हातातलं काम हिसकावू नका. शेजारी बसा. बिघडलं तरी चालेल असं काहीतरी त्याच्या हाती द्या. आमच्या घरात चिंध्यांना काय तोटा होता? छतापर्यंत पोती रचलेली होती. त्यातली एक चिंधी तिला द्यायचं वेळेवर कुणाला सुचलं नाही.