आत्याची काजं आणि शिंप्याचा कर

शिंप्याची कात्री अधूनमधून थांबायची, तोंड कधीच नाही. सरकारनं कर वाढवला आणि त्यातून गरीब-श्रीमंत न बघता माणशी दरमहा सारखी रक्कम द्यायला सुरुवात केली, तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती टेप आवळत तो म्हणाला, "माझ्या करावर आता सगळं गाव लोळणार! श्वास सोडा."

लोळणारं पहिलं माणूस त्याच्याच घरात निघालं. त्याची आत्या. तिनं केलेल्या काजात शिरताना बटणं म्हणे आधी 'येऊ का?' विचारायची. जन्मभर ती दुकानात दोन वेळच्या जेवणावर काजं करत आली होती. पहिली रक्कम हातात पडली, तशी तिनं सुई खोचून ठेवली आणि वरच्या खोलीत जाऊन पाय पसरले.

"बघा! म्हटलं नव्हतं?" शिंपी हर्षानं ओरडला. मग त्याचा चेहरा उतरला. बँडवाल्यांचे कोट उद्या द्यायचे होते आणि एकालाही काज नव्हतं. उशीर झाला तर पुढची सगळी कामं समोरच्या दुकानात जातील, असं बँडमास्तरनं बजावलं होतं.

हट्टानं तो स्वतःच बसला. सरकारला शिव्या घालत डाव्या बाजूची काजं केली, आत्याला शिव्या घालत उजव्याही बाजूची. बटणं लावायला घेतली, तर लावणार कुठे?

निमूट जिना चढला.

"आत्या, जरा बघतेस?"

"बघते की. बघायचे पैसे नाहीत, हात लावायचे आहेत."

"घरच्या माणसाकडून मजुरी घेणार?"

"घरच्या माणसाकडून काम घेताना कुठे लाजलास, लबाडा?"

मजुरी ठरली. कोट पाहून आत्या इतकी हसली, की चष्मा मांडीवर पडला. मग तिनं दोन-दोन बटणं पाठीला पाठ लावून दोऱ्यानं जोडली आणि दोन्हीकडच्या काजांतून ओवली. कोट झक्क बसला.

बँडमास्तर आरशासमोरून हलेना. "नवी फॅशन?"

"खास तुमच्यासाठी," शिंपी म्हणाला.

महिनाअखेरीस शिंपी आपल्या वाट्याची रक्कम हळूच खिशात सारत होता. काजं करता करता आत्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"घे रे, लाजू नकोस. तुझ्याकडच्या मजुरीवर मीही कर भरलाय. आता तू लोळ माझ्या करावर. फक्त दुकान वेळेवर उघडत जा."

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तो गप्प राहिला. निदान तो तरी तसंच सांगतो.