तीन हजार पावलं

जोतीराम पैलवानाने आयुष्यात कधी राग गिळला नव्हता. बैल अडला तर बैलाला, माणूस अडला तर माणसाला. हात आधी आणि विचार मागून. दुसरं महायुद्ध संपलं त्या साली त्याच्या कपाळाच्या शिरा ठणकू लागल्या, तेव्हा बायको रंगूबाईने त्याला बळेच सांगलीला नेलं. डॉक्टरने दंडाला पट्टा आवळून रक्ताचा दाब मोजला आणि मान हलवली.

"तालीम बंद. मीठ कमी. रोज सकाळी सावकाश तीन हजार पावलं चालायचं. आणि पुन्हा मारामारी केलीत, तर डोक्यातली शीर फुटेल."

थोरला भाऊ असाच भांडता भांडता गेला होता. जोतीराम हबकला. त्याला जगायचं होतं.

पण चालायचं कुठं? रिकाम्या हाताने रस्त्यावर फेऱ्या मारणारा पैलवान बघून गावाने दात काढले असते. म्हणून त्याने आपल्या उसाचा बांध धरला. विहिरीपासून बाभळीपर्यंत आणि परत. जोर मारताना मोठ्याने मोजायची तालमीतली सवय, तशी तो पावलंही मोजायचा. चार महिन्यांत ठणका गेला, झोप लागू लागली. "माणसात आला बाई एकदाचा," असं रंगूबाई शेजारणींना सांगायची.

बांधापलीकडे चुलतभाऊ आकारामचं रान. याच बांधापायी दोघांत दोन वर्षं अबोला होता, आणि महिनाअखेरीला सरकारी मोजणी यायची होती. रोज सकाळी कानावर पडणारे आकडे ऐकून आकारामने ठरवून टाकलं, की हा गडी आधीच जमीन मोजून खुणा सरकवणार.

एका सकाळी तो कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आडवा आला.

"कुनाची जमीन मोजतूस रं?"

जोतीरामने दम धरला. बोललो की भडकणार, म्हणून तो गुमान वळला आणि मोजत चालू लागला. "हजार चारशे दोन, हजार चारशे तीन..."

आकारामच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिला दांडा खांद्यावर बसला, दुसऱ्याने कान फाटला. तोंडात रक्ताची चव आली आणि जोतीराम डॉक्टरला विसरला. त्याने दांडा हिसकून फेकला. दोघे उसाच्या सरीत कोसळले. आकाराम मनगटाला कडकडून चावला. जोतीरामने गुडघा छातीवर दाबला, बरगडी मोडल्याचा आवाज आला. मग त्याने मान काखेत धरली आणि आवळली. आकारामच्या टाचा माती उकरत होत्या. आता आपली शीर फुटणार, असं जोतीरामला वाटत होतं. ती फुटली नाही. दमही लागला नाही. तो आवळत राहिला. टाचा थांबल्या.

"भावजी, सोडा!" आकारामची बायको राहीबाई गोठ्याकडून धावत आली. त्याने हात सोडला, तशी मान लुळी पडली. तिने ती मांडीवर घेतली, गाल थोपटले, हाका मारल्या.

"आमचा बांध रोज उठून का मोजत हुता तुमी?"

"बांध न्हाई, वैनी. पावलं. रक्ताचा दाब हाय मला. डाक्टरनं चालाय सांगितलंय."

 राहीबाईने कपाळ बडवून घेतलं.

"मग यवढं सांगायला जीभ झडली हुती का तुमची, भावजी?"