उंच बसलेली टोपी

आपल्या हाताखालून किती दात गेले हे मावशीला तोंडपाठ होतं, आणि तो आकडा ऐकवायला तिला कोणी विचारावं लागत नसे. दातांवर बसवायच्या टोप्या ती करायची. डॉक्टर ठसा पाठवायचे, मावशी मेणात दात कोरायची, आणि तयार टोपी डबीतून परत जायची. एकतीस वर्षांत अकरा हजार चारशे टोप्या, त्यातल्या परत आलेल्या चार. त्या चारांतल्याही दोन डॉक्टरांच्या खात्यावर, एक बाटलीचं झाकण दाताने उघडणाऱ्या पेशंटच्या खात्यावर. उरलेली एक कोणाच्या नावावर टाकायची, याचा निकाल तिने अजून लावला नव्हता.

लॅब म्हणजे दोन खोल्या. एकीत मावशी, तिचं टेबल, मेणाचे दिवे आणि पितळी दाबयंत्र. दुसरीत दोन वर्षांपासून भाची आणि तिचा कॉम्प्युटर. भाची पडद्यावर दात घडवायची. ज्या दाताला बोट लावता येत नाही तो दात कसला, असं मावशीचं मत होतं, आणि ते ती भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतपत आवाजात मांडायची. पण ठसे कमी होत चालले होते हेही तिला दिसत होतं. डॉक्टरांना आता सगळं पडद्यावर हवं असायचं.

त्यात गावातल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्याने परीक्षा घातली. गुरुवारी सकाळी एका पेशंटच्या अख्ख्या तोंडाचं चित्र पाठवलं. अठ्ठावीस दात, शुक्रवारी पाचच्या आत पडद्यावर घडवून द्या. जमलं तर दवाखान्याचं सगळं काम तुमचं. नाही जमलं तर नदीपलीकडच्या लॅबचं. मग दोनपैकी एक खोली सोडावी लागणार, हे दोघींनाही कळत होतं. आणि कॉम्प्युटरची खोली तर सोडता येणार नव्हती.

अडचण कॉम्प्युटरचीच होती. एकेका दाताचं गणित सोडवायला तो वीस मिनिटं घ्यायचा, आणि दर दातानंतर तापला म्हणून तासभर बंद ठेवावा लागायचा. भाचीने त्याच्या प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवून दिला होता त्याच्या वर चढवून पाहिला, तर तो तापला आणि बंदच पडला. मोठा पंखा लावला, तरी तेच. दुपारी तिने मावशीला समजावून सांगितलं की, प्रोसेसरच्या चिपवर धातूची टोपी असते, चिप आणि टोपीच्या मध्ये कंपनीने एक लेप भरलेला असतो, तो वाळून गेलाय. आतला ताप टोपीपर्यंत पोचतच नाही, मग वरून कितीही वारा घाला. काही लोक टोपी काढून लेप बदलतात. पण पातं केसभर जास्त आत गेलं की खेळ खलास, आणि कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याने तर नुसतं ऐकूनच हात वर केले होते.

मावशी शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे टोपी काढायची, जुनं सिमेंट खरवडायचं, नवं भरायचं, टोपी बसवायची."

"हो."

"मग दोन वर्षं मला हे कोणी सांगितलं का नाही?"

भाचीने कॉम्प्युटर उघडून प्रोसेसर काढून दिला आणि आपण खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. मावशीने तो ठसे घ्यायच्या मऊ लगद्यात बसवला, म्हणजे हलायला नको. पातळ पातं टोपीच्या कडेखाली घातलं, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, घाई नाही. टोपी टक्कन सुटली. आत नखाएवढी चिप, आरशासारखी. वाळलेला लेप तिने पुसून काढला, नवा पातळ पसरला, आणि टोपीच्या चारही कडांना गोंदाची अशी काही रेघ मारली की बघत राहावं.

भाची आत येऊन जवळून बघायला लागली. कंपनीच्या गोंदात एका बाजूला जरा जागा मोकळी होती, ती मावशीने बुजवली होती. भाचीने तसं म्हटल्यावर, कंपनीतल्या माणसाला घाई असेल, असं मावशी म्हणाली.

"फट ठेवली की कीड लागते, बाळे."

"मावशी, कीड दाताला लागते."

"चांगली सवय कुठेही चालते." आणि तिने प्रोसेसर रात्रभरासाठी दाबयंत्राखाली ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी नऊला भाचीने तो जागेवर बसवला. आधी ताप अठ्ठ्याण्णव अंशांवर जायचा. आता दोन मिनिटांत शंभर झाला आणि पडदा काळा.

मावशीने आधी लेपाला नावं ठेवली. मग पंख्याला. मग कंपनीला, सविस्तर. भाची घड्याळाकडे बघत राहिली, तेव्हा मावशीच्या तोंडाचा पट्टा थांबला. तिने प्रोसेसर मागून घेतला, कच्चा गोंद पात्याने कापला, टोपी काढली, दोन्ही बाजू पुसल्या. मग आपल्या खणातून निळा कागद काढला. टोपी दातावर कुठे टेकते ते बघायचा हा कागद. मध्ये ठेवायचा, दाबायचं, जिथे टेकेल तिथे निळा डाग उठतो. कडेचा गोंद तसाच ठेवून तिने कागद चिपवर घातला, टोपी दाबली, उचलली.

चिप स्वच्छ. डागाचं नाव नाही.

मावशी खुर्चीत मागे टेकली. शिकाऊ असताना पहिल्या महिन्यात जी चूक करायची असते, ती तिने एकतीस वर्षांनी केली होती.

"उंच बसलीय," ती म्हणाली. "मी फट बुजवायला गेले, गोंद जाड झाला, त्याने टोपी वर उचलून धरली. ही पाचवी. आणि ही माझी, लिहून घे."

भाचीने लिहून घेतलं नाही. पण दुसऱ्या कोणाच्या नावावर न टाकता मावशीने काही स्वीकारल्याचं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि ते मान वर करून बोललेलं.

मावशीने सगळा गोंद खरवडून कड नितळ केली. पुन्हा निळा कागद. या वेळी चिपवर शिक्का मारावा तसा चौकोन उठला. डाग पुसून तिने नवा लेप दिला आणि गोंदाचे चारच थेंब, चार कोपऱ्यांत. बाकी दाबायचं काम प्रोसेसर जागेवर धरणारी कॉम्प्युटरमधली खीळ करणारच होती.

साडेअकराला पडदा उजळला. एकाहत्तर अंश. भाचीने वेग एक पायरी वाढवला, मग आणखी एक. कंपनीच्या आकड्याच्या एक पंचमांश वर गेली, तरी ताप अठ्ठ्याहत्तरवर खिळलेला. वीस मिनिटांचा दात नऊ मिनिटांत निघाला. दोघींनी तो दात फिरवून फिरवून पाहिला, आणि दोघी वेगवेगळ्या कारणांनी खूश झाल्या.

मावशी दुपारभर स्टूल घेऊन भाचीशेजारी बसली. एक डोळा तापाच्या आकड्यावर, दुसरा दातांवर. सतराव्या दाताला तिने पडद्यावर बोट ठेवलं. इथली खोबण उथळ आहे, घास नीट चावला जायचा नाही. भाचीने मोजून पाहिलं, आणि मुकाट खोल केली. पुढचे अकरा दात मावशीला दाखवल्याशिवाय तिने पुढे सरकवले नाहीत.

चार वाजून चाळीस मिनिटांनी काम दवाखान्याकडे रवाना झालं. सहाच्या सुमाराला तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. काम पसंत होतं, सोमवारपासून सगळं इकडेच पाठवतो म्हणाले, खोबणीचं तर खास कौतुक केलं. मग हळूच विचारलं, नवीन मशीन कुठलं घेतलंत?

"जुनंच आहे, डॉक्टर," भाची म्हणाली. "मावशीने त्याच्या प्रोसेसरची टोपी काढून पुन्हा बसवली."

मग डॉक्टर म्हणाले, दवाखान्यातला कॉम्प्युटरही फार तापतो, बाई एकदा बघतील का?

मावशीने फोन आपल्याकडे ओढला. "पाठवून द्या. पण बुधवारशिवाय हात लागायचा नाही. पुढे रांग आहे."

भाचीने वाकून मावशीच्या खोलीत पाहिलं. टेबलावर एकही डबी नव्हती. तिने दार हळूच लोटून घेतलं, जणू आत खरंच कोणी खोळंबून बसलं होतं.