तीन हाका

लिफ्टच्या कामात एक नियम आहे. खाली खड्ड्यात माणूस उतरला असेल, तर गच्चीवरच्या यंत्रखोलीतला मुख्य खटका चढवण्याआधी तीनदा हाक मारायची. खालून ओ आली तरच हात लावायचा. थोरल्या मिस्त्रीनं हा नियम धाकट्या भावाला स्वतः शिकवला होता. पण धाकटा खड्ड्यात असताना वर होता तो लांब्या, त्यांचा जोडीदार. लिफ्ट खाली आली आणि धाकटा गेला. चौकशीत लांब्या म्हणाला, "मी तीनदा हाक मारली." साहेबांनी अपघात म्हणून फाइल मिटवली.

थोरला चार महिने आतल्या आत धुमसत होता. रविवारी उपासनेला आईशेजारी उभा राहायचा, पण प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की त्याची दातखीळ बसायची. आई म्हणाली, "बाळा, रागाला घर देऊ नकोस. त्याच्या पाठोपाठ दुसरा कोणीतरी आत शिरतो."

"शिरू दे," तो म्हणाला.

आणि तो आला. भर दुपारी, यंत्रखोलीच्या दारात. ग्रीसनं माखलेल्या फरशीवर उभा, पण बुटाला डाग नाही. थोरल्याला वाटलं, इमारतीचा कोणी कारभारी असेल.

"लांब्यानं एकही हाक मारली नाही," तो माणूस म्हणाला. "फोनवर हसत होता."

थोरल्यानं त्याच दिवशी लांब्याला आडून विचारलं, तर लांब्याचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हापासून तो माणूस रोज यायचा आणि दरवेळी खरंच बोलायचा. म्हणूनच थोरला त्याचं ऐकत गेला. आईला मात्र त्यानं काही सांगितलं नाही.

मग तो मंगळवार उजाडला. आठ मजली दवाखाना, लिफ्ट सहाव्यावर थांबवलेली, खाली खड्ड्यात लांब्या आणि वर खटक्यापाशी थोरला. तो माणूस शेजारीच उभा होता.

"त्यानं हाक मारली नाही. तू का मारावीस? जशास तसं. चौकशीत सांग, तीनदा मारली."

थोरल्याचा हात खटक्यावर गेला.

"धाकटा कसा गेला माहीत आहे?" तो माणूस हलकेच म्हणाला. "लिफ्ट येताना दिसली तेव्हा 'दादा' म्हणाला. दोनदा."

थोरला थबकला. धाकटा तर खड्ड्यात एकटा होता.

"तुला कसं ठाऊक?"

"मी तिथंच होतो."

"तिथं होतास," थोरला सावकाश म्हणाला. "त्यानं हाक मारली, ती तू ऐकलीस. आणि बघत उभा राहिलास?"

तो माणूस नुसता हसला. त्या हसण्यानं थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने ज्याच्या नावानं दात ओठ खात होतो तो खाली होता, पण खरा वैरी इथं हातभर अंतरावर उभा होता, आणि आपण त्याचीच चाकरी करत होतो.

त्यानं हात मागे घेऊ पाहिला. हात निघेना. खालून कोणी रेटावा तसा तो खटक्यासकट वर सरकू लागला. घामानं डोळे चुरचुरले.

"प्रभू येशू," तो दात आवळून म्हणाला, "मी लांब्याला क्षमा केलेली नाही. करावीशी वाटतही नाही. पण माझा हात याला देऊ नकोस." मग त्या माणसाकडे वळून म्हणाला, "आणि तू, येशूच्या नावानं चालता हो. माझ्या भावाचं नाव पुन्हा तोंडात घ्यायचं नाही."

हात सुटला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. थोरल्यानं खटक्याला कुलूप घातलं आणि आठ मजले पायऱ्यांनी उतरला.

लांब्या खड्ड्यात भिंतीला टेकून बसला होता. हातात हत्यार नाही. शेजारचं लिफ्ट अडवणारं लाल बटण दाबलं असतं तर वरून कोणी काही करू शकलं नसतं. ते त्यानं दाबलंच नव्हतं.

"वर ये. मी आज तुला मारणार होतो."

"माहीत होतं, दादा," लांब्या म्हणाला. "म्हणूनच बसलो होतो. रोज दुपारी एकजण येऊन सांगतो, तुला जगायचा हक्क नाही. तो खोटं कुठं बोलतो?"

थोरल्याला शिसारी आली, लांब्याची नव्हे. एकाच दुपारी दोन घरं बुडवायचा डाव होता. त्यानं लांब्याची कॉलर धरली आणि ओढून बाहेर काढलं.

"मरून सुटायचं नाही. ऑफिसात चल आणि जे घडलं ते लिहून दे. धाकट्याच्या बायकोसमोरही बोल."

लांब्यानं त्याच संध्याकाळी लिहून दिलं. त्याचा परवाना गेला, खटला उभा राहिला. थोरल्याचा राग काही गेला नाही. लांब्या दिसला की अजून त्याच्या मुठी वळतात. पण त्या रात्री जेवायच्या आधी तो आईला म्हणाला, "लांब्यासाठी प्रार्थना कर. मला जमत नाही अजून."

"त्याचं खरं नाव काय?" आईनं विचारलं.

थोरल्यानं ते सांगितलं, आणि आईशेजारी गुडघे टेकले.