उद्धट

आर्याला शेंगदाणा चालत नाही, हे सांगून सांगून संपदाच्या तोंडाला फेस आला होता. चालत नाही म्हणजे पोट दुखतं, अंगावर पित्त उठतं, असलं किरकोळ काही नाही. दाण्याच्या कुटाचं बोट ओठाला लागलं तरी पोरीचा गळा आतून सुजायचा आणि श्वास कोंडायचा. आणि मराठी घर म्हणजे काय? कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, खिचडीत कूट, आणि ज्यात कूट नाही त्याला फोडणी शेंगतेलाची. असल्या राज्यात संपदाला चार वर्षांची पोर जगवायची होती.

बरं, ऐकणाऱ्याला ते खरंच वाटत नसे. गेल्या महाशिवरात्रीला सासूबाईंनी, म्हणजे पुतळाबाईंनी, गास गावच्या घरी नातीला घासभर साबुदाण्याची खिचडी भरवली. "उपासाचं कदी बादत नाय," हा त्यांचा हिशेब. देवाच्या नावानं शिजलेलं, कांदा नाही, लसूण नाही. लेकराला याहून हलकं काय असणार? पाहता पाहता आर्याचे ओठ निळे पडले. संपदाच्या नवऱ्यानं, भूपेशनं, नालासोपाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत स्कूटर कशी हाणली ते त्याचं त्यालाच ठाऊक. पोर वाचली. डॉक्टरांनी औषधाची कुपी आणि सिरिंज कायम जवळ ठेवायला सांगितली, मांडीत सुई कशी टोचायची तेही संपदाला शिकवलं. "पण इथवर वेळच येऊ देऊ नका," म्हणाले. पुतळाबाईंचं मात्र एकच पालुपद, "कोनाची तरी नजर लागली माज्या नातीला."

तेव्हापासून संपदानं घरात शाळा सुरू केली. पोळ्या लाटता लाटता विचारायची, "काकूंनी खाऊ दिला तर?"

"नाही घ्यायचा."

"आजीनं दिला तर?"

"नाही."

"बाप्पाचा प्रसाद?"

"नाही."

"आणि चॉकलेट?"

इथे आर्या बराच वेळ छताकडे बघायची. मग मोठ्या कष्टानं, "नाही."

सगळं जग पोरांना सांगतं, मोठ्यांनी प्रेमानं दिलं तर नाही म्हणू नये. ही बाई नेमकं उलटं पढवत होती. सोसायटीत बोभाटा झाला. कुणी गालगुच्चा घेऊन बिस्किट पुढे केलं की आर्या हात मागे बांधून "नको" म्हणायची. थँक्यू नाही की हसणं नाही. पोर उद्धट निघाली, असं जिन्यात बोललं जाई, आणि संपदाला ऐकू जाईल अशाच बेतानं. संपदा म्हणे, बोला. गुणी म्हणून फोटोला हार घालण्यापेक्षा उद्धट म्हणून घरात नाचलेली बरी. जूनपासून आर्या बालवाडीत जाणार होती. तिथे डबे वाटून खातात, वाढदिवसाला खाऊ वाटतात, आणि तिथे आई नसते. पोरीला आईविना, आपल्या जिवावर, "नाही" म्हणता येईल का, एवढाच संपदाला घोर होता.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सोसायटीच्या गच्चीवर हळदीकुंकू होतं आणि त्यातच लहान मुलांचं बोरन्हाण. पोरांना काळे कपडे, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा ओतायच्या. मग बाकीच्या पोरांनी ते लुटायचं. बोरन्हाण झालं की मुलाला आजार शिवत नाही म्हणतात. त्यासाठीच पुतळाबाई गासहून मुद्दाम आल्या होत्या. संपदानं आधीच, हळदीकुंकवाचा घाट घालणाऱ्या शेजारच्या विनयाकाकूंना गाठून सांगितलं, शेंगा असतील तर माझी पोर गच्चीवर पाऊल ठेवणार नाही. काकूंनी सगळ्यांच्याच शेंगा बंद केल्या. विनयाकाकू वाईट बाई नव्हे. वाईट असती तर संपदाचं काम सोपं झालं असतं.

बोरन्हाण झकास झालं. कानात हलव्याचे झुबे घातलेली आर्या खदखदा हसली, फ्रॉकच्या ओच्यात बोरं गोळा केली, एकही तोंडात घातलं नाही. संपदा जरा सैल झाली आणि हळदीकुंकू लावून घ्यायला वळली.

तेवढ्यात मागून किंकाळी आली, "नको! नको ना!"

विनयाकाकू आर्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या, हातात तिळाचा लाडू. एका हातानं त्यांनी लाडानं तिची हनुवटी धरली होती. आर्यानं तो हात झिडकारला, लाडू उडून चटईवर पडला, आणि पोर पाठीमागच्या कठड्याला चिकटून उभी राहिली.

संक्रांतीचा तिळगूळ नाकारायचा म्हणजे उघड वैर, आणि इथे तर वाण लुटणाऱ्या सवाष्णीच्या हातचा खाली पाडलेला!

"अगं, दाणे नाहीत यात," विनयाकाकूंचा आवाज कापला. "देवाशप्पथ. हिच्यासाठी वेगळे केले, नवी कढई काढली. हा बघ, डबासुद्धा वेगळा."

खरंच एवढासा वेगळा डबा होता. संपदाच्या पोरीसाठी एवढं आजवर कुणी केलं नव्हतं.

"वळन म्हनून नाय पोरीला," पुतळाबाई पुढे झाल्या. "संपदे, दाने नाय बोलते ना ती? मंग भरव तुज्या हातानं. चार बायकांत शोभा नको."

सगळ्या बायका संपदाकडे बघत होत्या. एक घास. काकू खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. आपल्या हातानं भरवला की रुसवा संपला, काकूंचे कष्ट सार्थकी लागले, वर्षाची सुरुवात गोड झाली. संपदानं डब्यातला लाडू उचललासुद्धा.

आणि तिनं आर्याकडे पाहिलं. पोर थरथरत होती, तरी ओठ गच्च मिटलेले. आई आता काय म्हणते, इकडे तिचे डोळे लागले होते. आज आईनंच मोडलं तर जूनमध्ये ही कुणाच्या भरवशावर नाही म्हणणार? आणि आई समोर नसताना, पाठमोरी असताना, पोरीनं आत्ताच ते एकटीनं करून दाखवलं होतं! संपदाची छाती अभिमानानं भरून आली. तिनं लाडू परत डब्यात ठेवला.

"नाही, काकू. दाणे नसले तरी नाही."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. पण तिनं कुणाकुणावर ठेवायचा, हे तिला चार वर्षांच्या वयात कसं कळणार? तिला एकच कळतं, नाही म्हणायचं. ते मी मोडणार नाही. माझ्यावर रागवा, वर्षभर बोलू नका. शाब्बास गं, आर्या!"

शाब्बास ऐकून दोघीतिघींनी तोंडाला पदर लावले.

"शाबास?" पुतळाबाई कडाडल्या. "आदी काकूच्या पाया पडाला सांग तिला!"

हे मात्र संपदाला पटलं. तिनं आर्याला पुढे घेतलं.

"काकूंनी तुझ्यासाठी खूप केलं. पाया पड त्यांच्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पण तोंड उघडू नकोस."

आर्यानं डावा हात तोंडावर गच्च दाबून धरला, वाकली, आणि उजव्या हातानं विनयाकाकूंच्या पायांना शिवली.

लाडवात दाणे होते की नव्हते, हे संपदानं पुढे कधीच विचारलं नाही.