रविवार, अकरा ते दोन

पुण्याच्या दोन दिवसांचा आराखडा रघुवीरांनी आलेखाच्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर पट्टीने आखला होता. शनिवारी सकाळी सहाला महाड सोडायचे, वरंध घाटाने भोर, भोरला चहा, दहाच्या आत पुणे. मग जुन्या वैज्ञानिक उपकरणांचा एका गृहस्थांनी जमवलेला संग्रह, दुपारी विश्रांती, संध्याकाळी जुन्या पुस्तकांची दोन दुकाने. रविवारी सकाळी ज्या प्रयोगशाळेत त्यांनी एम.एस्सी. केली ती बाहेरून, आणि रखवालदार भला असेल तर आतूनही. प्रत्येक टप्प्यापुढे लागणारा वेळ आणि त्यातली संभाव्य चूक मिनिटांत लिहिली होती. कोरी चौकट एकच होती: रविवार, अकरा ते दोन. ती ईराने राखून ठेवली होती.

ईरा त्यांची एकुलती मुलगी. एकोणतीस वर्षांची, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., सहा वर्षे पुण्यात. या सहा वर्षांत ती गणपतीला येई, दिवाळीला येई, फोनवर येई. पण बापलेकीने सलग दोन दिवस एकत्र काढले असे एकदाही झाले नव्हते. म्हणून तिने "बाबा, एक वीकेंड फक्त आपण दोघं" असे म्हटले, तेव्हा रघुवीरांना फार आनंद झाला. तो आनंद त्यांनी पट्टी-पेन्सिल घेऊन कागदावर उतरवला, कारण त्यांना दुसरी पद्धत ठाऊक नव्हती.

"त्या तीन तासांत काय आहे?" त्यांनी फोनवर विचारले.

"सरप्राइज आहे, बाबा."

"सरप्राइजला जाण्यायेण्याचा वेळ धरून तीन तास, की न धरता?"

"बाबा! तुम्ही ना… आणि तो राखाडी कोट आणा. सुटकेसमध्ये कोंबू नका, हँगरला लावून आणा."

फोन स्पीकरवर होता; स्वयंपाकघरातून पत्नी सुनीतींनी कान टवकारले होते. "कोट? मुलगा दाखवायला नेतेय वाटतं तुम्हाला. आणि मला घरी ठेवून? मुलगा पसंत करायचं काम तुमच्यावर? तुम्ही त्याची घनता विचाराल."

"एका कोटावरून एवढं अनुमान काढता येत नाही," रघुवीर म्हणाले. पण कोट धुवायला टाकला.

महाडच्या महाविद्यालयात त्यांनी एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्याखेरीज त्यांचा एक विनामोबदला उद्योग होता. पाऊस ओसरला की पोलादपूरकडच्या वाड्यांमधून त्यांच्याकडे पाण्याच्या बाटल्या येत. कुणी एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडी, कुणी बाजाराला येताना पिशवीतून आणी. रघुवीर ते पाणी तपासणीच्या कुप्यांत भरत, उबेत ठेवत आणि दोन दिवसांनी पाहत. कुपी काळी पडली तर पाण्यात विष्ठेतले जंतू. मग चिठ्ठी जाई: "उकळून प्यावे, क्लोरीनचे थेंब घालावेत", नाहीतर "चालेल", आणि खाली सही. ती चिठ्ठी वाडीतले लोक देवळाच्या भिंतीला पेजेने चिकटवत. "माझ्या सहीवर विश्वास ठेवू नका, कुपी पाहा, ती का काळी पडली ते विचारा," असे ते दरवर्षी सांगत. लोक मान डोलावत आणि चिठ्ठी घेऊन जात.

यंदा त्यांतल्या कुडपण वाडीची बाटली आली नव्हती. त्यांनी वहीत तशी नोंद केली होती.

गुरुवारी सकाळी बाटलीऐवजी चंद्रभागाच आली. कुडपणची, पन्नाशीची, वर्षा-दोन वर्षांनी भेटणारी. तिच्या काखेत फडक्यात बांधलेले काहीतरी होते. ते तिने ओटीवर ठेवले.

"सर, ह्यो कलश बदलून द्या. आतनं वास मारतोय."

"कसला कलश?"

"आता कसला म्हंजे? तुमचाच की!"

फडके सुटले. दुधी रंगाचे प्लास्टिकचे भांडे होते, झाकणात लोहचुंबक, तळाशी जाळीत गोटे. पोटावर सोनेरी अक्षरांत लिहिले होते, "ऊर्मिजल कलश". त्याखाली रघुवीर होते. पांढरा अंगरखा घालून, परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरून, डोळे बारीक करून पाहणारे. गणपतीत ईराने हा फोटो काढला होता. "जरा उजवीकडे, बाबा… हां, एकदम शास्त्रज्ञ!" आणि ते उजवीकडे वळले होते. दोनदा. फोटोखाली छापले होते: "तीस वर्षांच्या जलसंशोधनाचा निष्कर्ष."

त्यांनी झाकण काढून गोट्यांवर बोट फिरवले. बोट घसरले. गोट्यांवर शेंबडासारखा बुळबुळीत थर होता आणि तो बोटाला लागून तार धरत वर आला. वास कुजक्या शेवाळाचा.

"यातलं पाणी घरात पितात?"

"पितात म्हंजे? तुमच्या पोरीनं समद्यांना बसवून सांगितलान. ह्याच्यात वतलं की उकळायचं नाय, थेंब बी नकोत. पाणी जिवंत व्हतंय म्हणं."

"कुणी आजारी पडलं?"

"माझा नातू. जुलाब सुटले, डोळे पार आत गेलं व्हतं त्याचं. चार दिवस पोलादपूरला सलाइन लावून व्हता. आता बरा हाय." चंद्रभागाने आवाज खाली आणला, जणू कलशाला ऐकू जाईल. "पर पोरगी आदीच बोलली व्हती, पयल्यांदी अंगातली घाण भायेर पडते. घाबरायचं नाय. म्हून आमी दोन दिस दवाखान्यात नेलाच नाय."

रघुवीरांनी भांड्याचे झाकण लावले. मूल सुकत चालले असता ते बरे होत आहे असे आईबापांना वाटावे, यासाठी कुणीतरी विचारपूर्वक ते वाक्य रचले होते. ते वाक्य त्यांच्या मुलीने पाठ केले होते.

"यंदा बाटली का धाडली नाहीत, चंद्रभागाबाई?"

ती हसली. एवढे शिकलेल्या माणसाने असे विचारावे याचे तिला नवल वाटले असावे. "तुमचाच कलश घरात हाय, सर. मंग बाटली कशाला आणायची?"

एकोणीस घरांत कलश होते. विसावा देवळात.

त्यांनी तिला क्लोरीनच्या बाटल्या दिल्या, आजपासून उकळलेलेच पाणी, कलश बंद, हे दोनदा सांगितले. ती उठेना.

"समजलं ना?"

"मला समजलं. पर वाडीतली मानायची नायत. चिठ्ठी द्या."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. सही करताना आपला हात दुसऱ्याचा असावा तसा त्यांना वाटला. ती गेल्यावर त्यांनी साबणाने तीनदा हात धुतले. बोटाचा वास गेला होता, हे त्यांना ठाऊक होते. तरी तो येत होता.

फोन त्यांनी केला नाही. शुक्रवारी चारला ईराची गाडी दारात थांबली. ती हसत आत आली, चपला काढता काढताच "आई, चहा!" म्हणाली, आणि मग तिला टेबलावरचा कलश दिसला.

"बस," रघुवीर म्हणाले. "रविवार, अकरा ते दोन. काय आहे?"

ती बसली. "कुणी आणला हा?"

"चंद्रभागा. बदलून मागत होती."

"बाबा, दहाच मिनिटं बोलायचं होतं तुम्ही. आमच्या कंपनीचा मेळावा आहे, चारशे लोक असतात हॉलमध्ये. तुम्ही फक्त शुद्ध पाण्याचं महत्त्व सांगायचं. कलशाबद्दल एक शब्द नाही. ते आम्ही बोलतो."

"म्हणजे खरं मी बोलायचं, आणि त्याच्या पाठीवर तुम्ही खोटं बसवायचं."

"खोटं काय त्यात? लोक पाणी जास्त पितात, त्यांना बरं वाटतं. परिणाम तर होतो ना?"

"होतो. एका पोराला चार दिवस सलाइन लागलं."

ईराच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलले. "हे मला कुणी कळवलं नाही."

"कळवतील कशाला? घाण बाहेर पडते, घाबरू नका, असं तूच सांगून आली होतीस." त्यांनी झाकण काढले आणि भांडे तिच्यापुढे सरकवले. "तू या विषयात विद्यापीठात दुसरी आली होतीस. गोट्यांवर काय आहे?"

"अहो, आता परीक्षा कसली घेता तिची?" सुनीती चहा घेऊन आल्या होत्या.

"सांगू दे तिला."

ईराने आत पाहिले, आणि प्रशिक्षित माणूस पाहतो तसे पाहिले. लपवायचे म्हटले तरी ते लपत नाही. "बायोफिल्म," ती हळूच म्हणाली. "जंतूंचा थर."

"तू यातलं पाणी पितेस?"

"बाबा, आता हे…"

"हो किंवा नाही."

"आमच्या ऑफिसला आरओ आहे."

सुनीतींनी कप टेबलावर ठेवला. चहा बशीत सांडला. "स्वतः पीत नाहीस? आणि त्यांच्या पोरांना…" त्यांना पुढचा शब्द सापडला नाही. "शी!" एवढेच म्हणून त्या आत गेल्या.

ते एक अक्षर ईराला लागले. तिचा आवाज चढला. "लॅबमध्ये चार वर्षं दुधाचे नमुने तपासले मी! नाव विचारलं का कुणी माझं? इथे मला लोक उभं राहून ऐकतात. आणि तुम्ही तरी काय वेगळं केलंत, बाबा? तीस वर्षं चिठ्ठ्या वाटल्यात. एकाने तरी विचारलं, कुपी का काळी होते? त्यांना तुमची सही हवी असते, देवाचा अंगारा हवा असतो तशी. मी फक्त ती सही…"

"वापरलीस."

"वापरली."

ती जे बोलली त्यातला मोठा भाग निरीक्षण म्हणून बिनचूक होता, आणि म्हणूनच रघुवीरांना किळस आली. फोटोसाठी दोनदा उजवीकडे वळणाऱ्या माणसाची, आणि त्या माणसाचा खप किती आहे हे अचूक ओळखणाऱ्या मुलीची. दोन्ही किळसा वेगळ्या करून मोजता येत नव्हत्या.

"उद्या मी कुडपणला जातोय," अखेर ते म्हणाले. "कलश गोळा करायला. तुला पुण्याला जायचं असेल तर घाट चालू आहे."

"आणि आपलं पुणे?"

'आपलं' हा शब्द तिने मुद्दाम वापरला की सहज आला, हे त्यांना ठरवता आले नाही. सहज आला असेल तर ते अधिक वाईट होते. "रविवारी त्यांनी तुमचं नाव छापलंय, बाबा. तुम्ही आला नाहीत तर माझं तिथलं सगळं संपतं."

"मी गेलो तर माझं इथलं संपतं. आणि माझं संपलं तरी हरकत नाही. ती माणसं पाणी पितात."

शनिवारी सकाळी सहाला ते कोट न घेता बाहेर पडले. ईरा गाडीजवळ उभी होती. डोळे सुजले होते.

"एसटी स्टँडपर्यंत सोडते," ती म्हणाली.

स्टँड आले, मागे पडले. गाडी महामार्गाला लागून पोलादपूरकडे वळली. घाटाच्या वळणांवर ती नेहमीपेक्षा हळू चालवत होती; घाई कुणालाच नव्हती.

कुडपणला देवळापाशी तिने गाडी उभी केली, काचा वर केल्या आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिली. रघुवीर उतरले. वाडी जमायला वेळ लागला नाही. पुढे चंद्रभागा होती, कडेवर नातू. मान बारीक झालेली, डोळे मोठे. चिठ्ठी देवळाच्या भिंतीला लागली होती.

"ऐका," ते म्हणाले. "या कलशात पाणी शुद्ध होत नाही. उलट घाण वाढते. फोटो माझा आहे. त्याखाली जे लिहिलंय ते मी कधीच म्हटलं नव्हतं. घरोघर येतोय, भांडी परत द्या."

कुणी हलले नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "सर, मंग आमाला हे दिलंन कोणी? तुमच्याच पोरीनं ना?"

"हो."

चंद्रभागाने गाडीकडे पाहिले. काच बंद असली तरी आतल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने विचारले, "म्हंजे पोरगी आमच्याशी खोटं बोललान?"

रघुवीरांना उत्तर ठाऊक होते. ते द्यायला त्यांना तीन-चार सेकंद लागले. तेवढ्या वेळात त्यांच्या मनात 'गैरसमज', 'कंपनीची चूक', 'वय' हे तीन शब्द येऊन गेले, तिन्ही गुळगुळीत, तिन्ही त्या गोट्यांसारखे. आणि त्या तीन सेकंदांची त्यांना सबंध आठवड्यात कशाचीही वाटली नव्हती एवढी घृणा वाटली.

"हो," ते म्हणाले. "तिला माहीत होतं, तरी बोलली."

मग चंद्रभागा शेजारणीच्या घरात गेली आणि तिचा कलश घेऊन आली, नातू कडेवरच. तो तिने रघुवीरांच्या हातात दिला नाही. सरळ गाडीपाशी गेली आणि काचेसमोर धरून उभी राहिली. पोर काचेतून आत पाहत होते.

बराच वेळ काच खाली झाली नाही. मग खटका वाजला आणि मागची डिकी उघडली. चंद्रभागाने भांडे आत ठेवले. एकामागून एक बाया आल्या. काहींनी ठेवले, काहींनी टाकले. अकरावा की बारावा कलश पडला तेव्हा तो फुटला आणि त्यातले पाणी डिकीत सांडले. वास पुढे आला.

तेव्हा दार उघडून ईरा बाहेर आली. तिने बापाकडे पाहिले नाही. ओढणी तोंडाला बांधली, दोन्ही हातांनी ते बुळबुळीत गोटे डिकीतून वेचून काढू लागली, आणि तिसऱ्या मुठीला रस्त्याच्या कडेला जाऊन ओकली. वाडीतल्या कुणीही तिला पाणी विचारले नाही. रघुवीरांनीही नाही. आठ घरे बाकी होती; ते पुढच्या दाराकडे निघाले.