चार सत्रं भिंतीसमोर

माणूस एका जागी, एका भिंतीकडे तोंड करून, पुरेसा काळ निश्चल बसला तर त्याला सत्याचा साक्षात्कार होतो. प्यो दोंग-ग्यू एकशे बारा दिवस तसा बसला होता, आणि त्याला एवढंच कळलं होतं की आगीच्या नळाच्या पेटीवरचा तो बोराएवढा लाल दिवा विझत नाही, नुसता विझल्यासारखा वाटतो. मध्येच पापणी लवावी तसं काहीतरी व्हायचं – दिव्याची लवते की आपली, याचा निकाल डिसेंबरातच लागायला हवा होता, पण लागला नव्हता; आणि आता फेब्रुवारी संपत आला होता.

एकशे बारा दिवस म्हणजे रविवार धरून. रविवारीही तो बसलेलाच असायचा, फक्त घरी.

पेटीच्या कडीला दोऱ्याने एक कार्ड बांधलेलं होतं. महिन्यातून एकदा देखभाल खात्याचा माणूस यायचा, दोंग-ग्यूच्या खांद्यावरून हात लांबवून पेटी उघडायचा, नळी दाबून बघायचा, कार्डावर सही करायचा आणि म्हणायचा, "माफ करा हं साहेब." पेटी ठीक असायची. तिला ठीक असण्याखेरीज दुसरं काम नव्हतं, आणि आग लागेपर्यंत कोणी तिला नालायक म्हणणार नव्हतं... या विचारापाशी तो रोज साडेनऊच्या सुमाराला येई आणि रोज तिथून मागे फिरे, कारण पुढे काही नव्हतं, भिंतच होती.

नोव्हेंबरात खरेदी विभाग बंद झाला. शीतकपाटांचे सुटे भाग आता बाहेरूनच, एकगठ्ठा यायचे होते, ते निवडायला माणसं नको होती. एक्केचाळीस जणांनी ऐच्छिक निवृत्तीच्या कागदावर सह्या केल्या. एकाने केली नाही. काढून टाकायला कायदा आडवा येत होता, म्हणून त्याचं टेबल जिन्याशेजारच्या भिंतीला लावलं, आणि हुकूम निघाला की प्यो दोंग-ग्यू यांना पुढील आदेशापर्यंत प्रतीक्षाधीन करण्यात येत आहे. कशाच्या प्रतीक्षेत, ते लिहिलं नव्हतं. लिहिण्याची गरजही नव्हती, ते सगळ्यांना ठाऊक होतं – तो कंटाळून उठेल याच्या. नियम चार ओळींचे होते: नऊ ते सहा जागेवर, मोबाईल सकाळी मनुष्यबळ विभागाच्या ट्रेमध्ये, उठताना नोंदवहीत कारण आणि वेळ, आणि रोज पाच वाजता एक पान, 'माझ्या कामातील सुधारणेचा आराखडा'. काम नसताना.

"अहो, कालचंच लिहा की," सकाळी डबा भरता भरता योन-सिल म्हणाली होती. त्याची बायको बाजारातल्या तोंडीलावण्यांच्या दुकानात सकाळपासून मुळे चिरायला जायची, त्यामुळे तिच्या हाताला आणि बोलण्याला एकच वास होता. "वाचतंय कोण ते?"

"वाचतात. परवा मनुष्यबळातल्या मेंगने शुद्धलेखनाची चूक काढली."

"मग तेवढी सुधारणा झालीच म्हणायची."

ती हसली नव्हती. तोही नाही. पण दारातून निघताना त्याला वाटलं होतं की दोघांपैकी कोणी हसलं असतं तर चाललं असतं.

चार सत्रं. तो दिवस मोजत नसे, महिने मोजत नसे. सत्रं मोजत असे. कंपनीच्या जुन्या सवलतींपैकी ही एकच शिल्लक होती – नोकरीवर असेपर्यंत मुलाच्या पदवीची सगळी फी कंपनीची, आठ सत्रांपर्यंत. दासोलची चार झाली होती, चार राहिली होती. मुलगी सोलमध्ये, चांगल्या विद्यापीठात, साहित्यशास्त्र... ते शास्त्र आहे असं तीच म्हणायची. कॉलेजजवळच्या एका इमारतीत, पलंग आणि टेबल यांच्यामध्ये अंग तिरपं करून उभं राहावं लागेल अशा खोलीत ती राहायची, त्या खोलीचं भाडं योन-सिलच्या मुळ्यांतून निघायचं. फी मात्र मुळ्यांतून निघण्यासारखी नव्हती. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला गुमीसारख्या कारखान्यांच्या गावात, जिथे निम्म्या कारखान्यांच्या फाटकांवर 'भाड्याने देणे आहे' लिहिलंय, दुसरीकडे कोण घेणार होतं? तेव्हा हिशोब सोपा होता: मी बसलो तर ती शिकते. मी उठलो तर... मी उठत नाही. माझ्याकडून आजवर कोणी याहून सोपी गोष्ट मागितली नव्हती. बस म्हणाले, बसलो. त्यात नाइलाज किती आणि शौर्य किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. भिंतीने अजून मत दिलेलं नाही.

तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं, फी कंपनी भरते हेही नाही. तिच्या लेखी अप्पा अजून खरेदी विभागाचे प्रमुख होते, आणि फार मीटिंगा असायच्या त्यांना.

बाराला तो कँटीनमध्ये गेला. हल्ली त्याच्या मागे रांग लांबायची नाही. माणसांना अचानक काहीतरी आठवायचं, हात धुवायचे राहिलेले असायचे. त्यांचा राग येत नसे. दहा वर्षांपूर्वी शिपिंगच्या एका माणसाला असंच बसवलं होतं, तेव्हा दोंग-ग्यूचेही हात बऱ्याचदा धुवायचे राहिले होते... काय नाव त्याचं? चेहरा आठवतो, पाठच जास्त आठवते.

वाढणाऱ्या मावशींनी समुद्री शेवाळाच्या सुपाचा वाडगा पुढे केला. त्याने हात आडवा धरला.

"नको?" मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज सगळ्या कँटीनला पुरायचा. "अहो साहेब, गरम आहे, मटणाचं पाणी घातलंय आज. तीन आठवडे बघतेय, बाकी सगळं घेता आणि सुपाला नाही म्हणता. परीक्षेला बसलाय का काय?"

"बसलोय."

"या वयात?" मावशींनी डाव आपटला. "मग बसा. निकाल लागला की पेढे आणा मात्र."

त्यांना चेष्टा वाटली. पण ते खरंच होतं, आणि त्याचं त्यालाच ते जरा हास्यास्पद वाटत होतं. शेवाळ बुळबुळीत, त्यावरून घसरतं, म्हणून परीक्षेच्या दिवशी कोणी ते सूप पीत नाही. आमच्या भाषेत पास होण्याला 'चिकटणं' म्हणतात – चिकटलास का? चिकटलो! – म्हणून घरचे चिकटगुळाच्या वड्या चारतात, शाळेच्या फाटकालाही चिकटवतात. दासोलच्या प्रवेशपरीक्षेच्या सकाळी, नोव्हेंबरच्या त्या कडाक्यात, योन-सिलने शाळेच्या लोखंडी फाटकावर अशी एक वडी तळहाताने दाबून चिकटवली होती, आणि थंडीने ती गारठून सारखी निसटत होती. तेव्हा दोंग-ग्यू, विभागप्रमुख, सूट-टाय, पुढे झाला, वडी तोंडात धरून उबवली, आणि फाटकाला लावून दोन्ही अंगठ्यांनी दाबून उभा राहिला. किती वेळ? आतली घंटा होईपर्यंत. शेजारच्या बायका फाटकाला टेकून प्रार्थना करत होत्या आणि हा मध्येच, शिपायाला कसला तरी संशय यावा असा, अंगठे लावून उभा... पोरगी चिकटली. योन-सिल म्हणाली बुद्धाची कृपा. त्याला मात्र आजवर स्वतःच्या अंगठ्यांबद्दल आदर होता.

तीन वाजता मेंग आला. मनुष्यबळ विभागाचा मेंग, ज्याला दोंग-ग्यूनेच मुलाखत घेऊन नोकरीवर घेतलं, आणि ज्याच्या लग्नात वडीलधारा म्हणून मंचावर उभं राहून नवरानवरीला उपदेशही त्यानेच केला. सतरा मिनिटं. 'संसारात हुशारी लागत नाही, लवकर उठून न जाणं लागतं' असं काहीतरी. टाळ्या पडल्या होत्या.

मेंग कमरेत वाकला, तसाच, पूर्वीइतकाच. मग एक खुर्ची ओढून बसला, पण भिंतीशी टेबल असल्यामुळे त्याला समोर बसता येईना. दोघे शेजारी शेजारी, बसमध्ये बसावं तसे, लाल पेटीकडे बघत बोलू लागले.

"साहेब, आजची शेवटची तारीख आहे. पाचपर्यंत."

"असं तू जानेवारीतही म्हणालास."

"तेव्हा वरून नुसतं आलं होतं. आता छापून आलंय." त्याने कागद पुढे सरकवला. "अठरा महिन्यांचा पगार. आणि... हे मी मुद्दाम भांडून घातलंय साहेब, खरं सांगतो... मुलीची पुढची दोन सत्रं कंपनी भरेल. कोणालाच दिलं नाही हे."

"चार राहिलीत."

"दोन तरी..."

"मेंग, अर्धी पदवी देतात का कुठे? मिळत असेल तर सांग."

मेंगने मान खाली घातली. त्याच्या टाळूवरचे केस विरळ होत होते, आणि दोंग-ग्यूला उगाच वाईट वाटलं. "साहेब, बायको विचारते तुमच्याबद्दल. मी सांगतो, बरे आहेत."

"बराच आहे. खुर्ची चांगली दिलीत. पाठीला आधार आहे."

"असं नका बोलू हो."

"बरं, नाही बोलत. लग्नात मी काय म्हणालो होतो, आठवतं?"

मेंगने कागदाचा कोपरा सरळ केला. "साहेब, त्या दिवशी मी इतका घाबरलो होतो... काही ऐकूच आलं नाही."

पाचला दोंग-ग्यूने दोन कागद दिले. एक आराखडा: 'उठताना खुर्चीचा आवाज होणार नाही याची दक्षता घेईन.' दुसरा मेंगचाच छापील कागद, सहीची जागा कोरी. मेंगने दोन्हींवर मिळाल्याचा शिक्का मारला. बिनसहीच्यावर जरा हळू.

आणि मग, त्या उरलेल्या एका तासात, त्याला बरं वाटू लागलं. हे काय आहे ते त्याला आधी कळेना. छातीत काहीतरी रुंद होत होतं. शेवटची तारीख गेली. आता कोणी मोह दाखवणार नव्हतं. आता फक्त मार्च, सप्टेंबर, मार्च, सप्टेंबर – चार सत्रांची चार दारं, ती ओलांडायची, बसून. आयुष्यात पहिल्यांदाच आपण एखादी गोष्ट पूर्ण नाकारली, असं त्याला वाटलं.

सहाला ट्रेमधून मोबाईल उचलला. दासोलचे तीन फोन येऊन गेले होते. तिन्ही तीन ते साडेतीनच्या दरम्यान. त्याने बसथांब्यावरून लावला.

"अप्पा! किती फोन केले मी. मीटिंग होती ना?"

"हो. मीटिंग होती."

"तुमच्या मीटिंगा म्हणजे! आईला विचारलं, ती म्हणाली अप्पांना विचार. आणि आज शेवटचा दिवस, म्हणून शेवटी मीच ठरवलं. रागावणार नाही ना?"

"आधी सांग तर."

"मी वर्षभराची रजा घेतली कॉलेजची. भरला फॉर्म, मंजूर पण झाला. सगळेच घेतात, अप्पा! नुसती पदवी घेऊन बाहेर पडलं की संपलं. कंपन्या शिकत असलेल्यांनाच उभं करतात, पदवी घेऊन घरी बसलेल्यांना बघत पण नाहीत. वर्षभर एखादं बिनपगारी काम शिकेन, इंग्रजीचे गुण वाढवेन... आणि मुख्य म्हणजे," इथे तिचा आवाज खाली आला, लहानपणी भेटकार्ड पाठीमागे लपवताना यायचा तसा, "एक वर्ष तुमच्यावरचा फीचा भार नाही. तुम्ही दमलेले वाटता हो फोनवर. जरा आराम करा."

समोरून बस आली आणि गेली. ती त्याची नव्हती, किंवा असेलही.

रागावता येईल का, ते त्याने आत चाचपून पाहिलं. सांगता येईल का, तेही पाहिलं – अगं पोरी, तू शिकत असलीस तरच माझ्या बसण्याला अर्थ, तू थांबलीस तर मी नुसताच बसलेला... पण ते सांगायचं तर भिंत सांगावी लागली असती, आणि भिंत सांगितली की उद्या सकाळच्या गाडीने ती इथे, कॉलेज सोडून, कुठल्या तरी दुकानाच्या गल्ल्यावर. तिचं चुकलं नव्हतं. बाहेर काही नाही म्हणून तीही आत बसून राहणार होती. पहिल्यांदाच त्याला ती आपल्यासारखी वाटली, आणि हे त्याला अजिबात आवडलं नाही.

"अप्पा? रागावलात?"

"नाही गं. चांगलं केलंस. विचार करून केलंस."

"खरंच?"

"खरंच. जेवलीस?"

"अजून नाही. तुम्ही?"

"मी जेवेन."

पुढची बस आली. खिडकीशी जागा मिळाली. पुढच्या सीटची पाठ अगदी नाकासमोर होती, पण तिला तो आता सरावला होता. आणि मग, हळूहळू, आतल्या आत, ते रुंद झालेलं पुन्हा परतू लागलं. एक वर्ष जास्त. असू दे. मी बसू शकतो, हे आता मला माहीत आहे – बहुतेकांना स्वतःबद्दल एवढंही माहीत नसतं. वर्षभर विनाकारण, आणि मग दोन वर्षं सकारण. माणूस आपल्या पोरीसाठी याहून जास्त काय... त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते येऊ देण्याइतका तो स्वतःवर खूश होता. त्याने बोटांवर सत्रं पुन्हा लावून पाहिली, एक वर्ष पुढे सरकवून: पुढच्या साली मार्च, पुढच्या साली सप्टेंबर, त्यापुढच्या साली मार्च, त्यापुढच्या साली सप्टेंबर.

कंपनीत निवृत्तीचं वय साठ होतं, आणि त्या शेवटच्या सप्टेंबरच्या आधी, जूनच्या तीस तारखेला, त्याला साठ पूर्ण होत होती.